जवानांचे मटण, कंत्राटाचा दर आणि मराठवाड्याची शेळी

विशेष प्रतिनिधी

नांदेड/लातूर : नांदेड जिल्ह्यातील मुदखेड आणि शेजारच्या लातूर येथे केंद्रीय राखीव पोलीस दलाची प्रशिक्षण केंद्रे आहेत. लातूर जिल्ह्यातीलच चाकूर येथे सीमा सुरक्षा दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. ही तिन्ही केंद्रे ज्या पट्ट्यात वसली आहेत, तो पट्टा उस्मानाबादी शेळीचा. लातूर, उदगीर, तुळजापूर हा या जातीचा मूळ प्रदेश मानला जातो. म्हणजे एकीकडे वर्षभर नियमाने मांस विकत घेणारे मोठे ग्राहक आणि दुसरीकडे देशभर नाव असलेली मांसाची शेळी, अशी दोन्ही टोके या भागात एकमेकांपासून तासा-दोन तासांच्या अंतरावर आहेत. असे असूनही या दोहोंमध्ये थेट व्यवहाराची वाट नाही. मधे निविदा आहे, कंत्राटदार आहे, दलाल आहे आणि सर्वांत मोठा अडसर म्हणजे वर्षभरासाठी गोठवलेला दर आहे. जवानाच्या ताटात काय पडते आणि शेळीपालकाच्या हाती काय उरते, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे या दरात दडलेली आहेत.

दोन मंत्रालये, दोन पद्धती

'फौजेचे जेवण' असा शब्द आपण सरसकट वापरतो. परंतु सेनादले संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात, तर केंद्रीय राखीव पोलीस दल, सीमा सुरक्षा दल ही दले गृह मंत्रालयाच्या. त्यांच्या शिध्याची व्यवस्थाही वेगळी आहे.

लष्करात शिधा वस्तुरूपाने मिळतो. ती जबाबदारी आर्मी सर्व्हिस कोअरची. तांदूळ, डाळ, साखर, चहा अशा कोरड्या जिनसांची खरेदी दिल्लीतून केंद्रीय पातळीवर होते. भाजी, फळे, दूध, अंडी, कोंबडी, मटण हा 'ताजा' शिधा मात्र त्या त्या ठाण्याच्या परिसरातून वार्षिक कंत्राटाने घेतला जातो. मांसाचेही प्रकार आहेत. कुठे सोललेले व साफ केलेले मांस येते, कुठे गोठवलेले, तर दुर्गम सीमाभागात जिवंत शेळ्या-मेंढ्याच पोहोचवल्या जातात. या शेवटच्या प्रकाराला लष्करी कागदपत्रांत 'मीट ऑन हूफ' म्हणतात. म्हणजे स्वतःच्या पायांवर चालत येणारे मांस. झटका आणि हलाल असा भेदही पुरवठ्यात पाळावा लागतो.

गृह मंत्रालयाच्या दलांची रीत निराळी. तेथे जवानाला शिधाभत्ता मिळतो आणि त्या पैशातून तुकडीची मेस चालते. मेस समिती खरेदी करते आणि महिन्याअखेर खर्च जवानांमध्ये वाटला जातो. याचा अर्थ असा, की मुदखेड किंवा चाकूरच्या मेसमध्ये शिजणाऱ्या मटणाचे पैसे सरकारच्या तिजोरीतून थेट जात नाहीत. ते जवानाच्या नावावर जमा झालेल्या भत्त्यातून जातात. मटण महागले, तर एक तर जवानाची कपात वाढते किंवा ताटातला वाटा घटतो. म्हणूनच या दलांमध्ये मांसाचा दर हा केवळ हिशेबनिसाचा विषय राहत नाही.

स्वस्त दराची खरी किंमत

सरकारी खरेदीचे सूत्र सर्वांना माहीत आहे. ज्याचा दर सर्वांत कमी, त्याला काम. दर अवास्तव नसावा म्हणून स्थानिक बाजारभाव पाहून 'वाजवी दर' ठरवण्याची पद्धतही लष्करात आहे. कागदावर ही व्यवस्था निर्दोष दिसते. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनी २०१०-११ च्या अहवालात लष्कराच्या शिधापुरवठ्याची तपासणी केली, तेव्हा चित्र वेगळे दिसले. ताज्या शिध्याच्या कंत्राटांमध्ये स्पर्धा अत्यंत मर्यादित होती. अनेक ठिकाणी एकच निविदा आली आणि तीच मंजूर झाली. जवळजवळच्या ठाण्यांवर एकाच जिनसेच्या दरात मोठी तफावत होती. साठवणुकीची मुदत संपलेला शिधा मुदतवाढ देऊन वापरल्याची उदाहरणेही नोंदवली गेली. संसदेच्या लोकलेखा समितीनेही हा विषय हाती घेतला होता.

त्यानंतर दहा वर्षांनी, फेब्रुवारी २०२० मध्ये संसदेत मांडलेल्या दुसऱ्या अहवालाने आणखी मूलभूत गोष्ट दाखवून दिली. अतिउंचावरील जवानांच्या विशेष शिध्याची मर्यादा पोषणावर न बेतता दिवसाच्या खर्चावर बेतलेली होती. महाग जिन्नस न मिळाल्यास तेवढ्याच किमतीचा पर्यायी जिन्नस दिला जाई. परिणामी जवानाला मिळणाऱ्या उष्मांकांत काही प्रकरणांत ८२ टक्क्यांपर्यंत घट आढळली. रुपयांचा हिशेब जुळला. पोटाचा जुळला नाही.

शांतता क्षेत्रातील लष्करी अधिकाऱ्यांचा मोफत शिधा २०१७ मध्ये बंद करून दिवसाला सुमारे ९६ रुपये भत्ता देण्यात आला होता. त्या रकमेत पूर्वीइतका शिधा बाजारात मिळत नाही, अशी तक्रार झाली आणि २०१९ मध्ये सरकारला वस्तुरूप शिधा पुन्हा सुरू करावा लागला. त्याच २०१७ च्या जानेवारीत सीमा सुरक्षा दलाचे जवान तेजबहादूर यादव यांनी पातळ डाळ आणि करपलेल्या पोळीची चित्रफीत समाजमाध्यमांवर टाकली होती. त्यांना पुढे सेवेतून बडतर्फ करण्यात आले. त्या प्रकरणाच्या खरे-खोटेपणावर खूप चर्चा झाली. परंतु जेवणाच्या दर्जाची तक्रार करण्यासाठी जवानाला घरातून आणलेला मोबाइल उघडावा लागतो, एवढे तरी त्यातून स्पष्ट झाले.

एकच दर, बारा महिने

मटणाचा भाव बारमाही एकसारखा नसतो, हे कोणत्याही गृहिणीला ठाऊक आहे. आषाढ संपता संपता दुकानांपुढे रांगा लागतात आणि श्रावण उजाडताच त्या ओसरतात. बकरी ईदच्या आधी बोकडाचा भाव चढतो. होळी-धुळवड, चैत्रातील जत्रा, पौषाच्या तोंडावर भरणारी लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा असे प्रत्येक प्रसंगाचे गणित वेगळे. दुष्काळात तर सारेच उलटे होते. चारा-पाणी संपले, की शेळ्या एकदम बाजारात येतात आणि भाव कोसळतो. पुढच्या वर्षी जनावरेच उरलेली नसतात, म्हणून तो दुपटीने चढतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा या भागाने हा फेरा जवळून पाहिला आहे.

कंत्राटाचा दर मात्र वर्षभर एकच. ही विसंगती कशी भरून निघते, ते एका उदाहरणाने समजून घेता येईल. ३० किलो वजनाच्या बोकडापासून साधारण ४५ ते ५० टक्के, म्हणजे १४ किलोच्या आसपास मांस मिळते. समजा, हा बोकड नऊ हजार रुपयांना पडला. मांसाचा मूळ खर्चच किलोमागे सुमारे ६४० रुपये झाला. त्यावर वाहतूक, कापणी, बर्फ, मजुरी, अनामत रकमेवरचे व्याज आणि बिल निघेपर्यंतची प्रतीक्षा. मुंडी, पाय आणि वजडी विकून काही भरपाई होते. कातड्याला पूर्वीसारखा भाव राहिलेला नाही. अशा वेळी एखाद्याने ६०० रुपयांचा दर भरून काम मिळवले, तर फरकाची रक्कम येणार कोठून?

तिच्या वाटा तीनच आहेत. कोवळ्या बोकडाऐवजी वय झालेली शेळी येईल. वजनात हाडे, चरबी आणि पाणी यांचा वाटा वाढेल. किंवा गोठ्यात जाऊन शेळीपालकाचा भाव पाडला जाईल. पहिल्या दोन वाटांचा भार जवानावर पडतो, तिसरीचा शेतकऱ्यावर. सर्वांत कमी दर मंजूर करून खरेदी विभाग आपली काटकसर नोंदवतो. ती काटकसर प्रत्यक्षात कोणाच्या तरी ताटातून किंवा खिशातून आलेली असते.

कोंबडीचा सोपा मार्ग आणि त्याची जोखीम

मटणाचा हा तिढा टाळण्याचा सोपा मार्ग म्हणजे कोंबडी. ब्रॉयलर ठरावीक दिवसांत ठरावीक वजनाची होते, दर मटणाच्या निम्म्याहूनही कमी असतो, पुरवठा कंपन्यांच्या हाती असल्याने मोठी मागणी भागवणे सोपे जाते. देशाचे मांस उत्पादन २०२३-२४ मध्ये सुमारे १ कोटी २ लाख टन होते आणि त्यातील जवळपास निम्मे कुक्कुटवर्गीय होते. नागरी बाजारपेठ ज्या दिशेने गेली, त्याच दिशेने मेसही जाणार, यात नवल नाही.

परंतु एकाच स्रोतावर विसंबणे धोक्याचे ठरते, याचा अनुभव मराठवाड्याला दोनदा आला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे शेकडो कोंबड्या दगावल्या आणि बर्ड फ्लूचे निदान झाले. जानेवारी २०२५ मध्ये उदगीर शहरात कावळे मरून पडू लागले, तेव्हाही कारण तेच निघाले. अशा प्रत्येक वेळी बाधित क्षेत्रातील पक्षी नष्ट केले जातात, वाहतुकीवर निर्बंध येतात, ग्राहक कोंबडीकडे पाठ फिरवतो आणि मटणाची मागणी एकाएकी वाढते. उदगीर ते चाकूर हे अंतर फार नाही. हजारो प्रशिक्षणार्थींची मेस चालवणाऱ्यांनी स्थानिक शेळी-मेंढीचा पर्याय तयार ठेवणे हा चैनीचा नव्हे, सावधगिरीचा भाग आहे.

शेळी आहे, पण वजनकाटा नाही

२०१९ च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ६ लाख शेळ्या आहेत. मेंढ्यांची संख्या त्याच्या जवळपास एक चतुर्थांश आहे. उस्मानाबादी शेळी बहुधा काळ्या रंगाची, उष्ण आणि कोरड्या हवेत तग धरणारी, जुळी करडे देण्यासाठी प्रसिद्ध. पूर्ण वाढलेल्या जनावराचे वजन तीस किलोंच्या पुढे जाते. भूमिहीन मजूर, कोरडवाहू शेतकरी आणि विशेषतः महिला यांच्याकडे ती दोन-चारच्या संख्येने असते. दवाखाना, शाळेची फी, बियाणे, लग्न अशा अडीनडीला ती विकली जाते. विक्रीची वेळ बाजारभाव पाहून ठरत नाही, गरज पाहून ठरते. तेथेच विकणाऱ्याची बाजू लंगडी होते.

भर पडते ती बाजाराच्या रीतीची. उदगीर तालुक्यातील हाळी-हंडरगुळीचा जनावरांचा बाजार दूरवर प्रसिद्ध आहे. तालुक्याच्या आठवडी बाजारांतही शेळ्यांची मोठी उलाढाल होते. परंतु शेळीचा सौदा बहुतेक ठिकाणी अजूनही नजरेच्या अंदाजाने, उक्ता होतो. पाठीवर हात फिरवून, कंबर चाचपून व्यापारी किंमत सांगतो. त्याचा अंदाज वर्षानुवर्षांच्या सरावाने अचूक असतो. विकणाऱ्या बाईचा नसतो. शहरात मटण ग्रॅमवर मोजले जाते आणि गावात तेच जनावर काट्याशिवाय विकले जाते, या एका फरकात शेळीपालकाचा मोठा तोटा होतो.

दुसरी उणीव कत्तलखान्याची. २००१ च्या केंद्रीय नियमांनुसार कत्तल मान्यताप्राप्त ठिकाणीच व्हायला हवी. कत्तलीपूर्वी पशुवैद्यकाने जनावर तपासायचे असते आणि एका पशुवैद्यकाने तासाला १२ व दिवसाला ९६ यापेक्षा जास्त जनावरे तपासू नयेत, अशी मर्यादा आहे. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याने परवाना, स्वच्छता आणि शीतसाखळीच्या अटी घातल्या. प्रत्यक्षात लहान शहरांतील बरेचसे मटण दुकानाच्या मागेच कापले जाते. सरकारी मेसला मात्र परवान्याचे, तपासणीचे मांस हवे असते आणि ते तसेच हवे. त्यामुळे जनावर मराठवाड्याचे असले, तरी कागद पूर्ण करू शकणारा पुरवठादार मोठ्या शहरातला ठरतो. गावातील खाटीक आणि शेळीपालक दोघेही निविदेच्या पहिल्याच अटीवर बाद होतात.

उत्तराखंडने काय केले

हे बदलता येते का? उत्तराखंड सरकारने २०२४ मध्ये भारत-तिबेट सीमा पोलीस दलाशी करार केला. सीमेवरील ठाण्यांना लागणाऱ्या जिवंत शेळ्या-मेंढ्या, कोंबड्या आणि ट्राउट मासे सीमावर्ती गावांतील पशुपालकांकडून सहकारी संस्थांच्या मार्फत घेण्याची ही व्यवस्था आहे. त्यामागे गावे ओस पडू नयेत, हा सीमासुरक्षेचा विचारही होता. मराठवाड्याला सीमा नाही, हे खरे. परंतु स्थलांतर आहे, कोरडवाहू शेती आहे आणि शेतकरी आत्महत्यांचा दीर्घ इतिहास आहे. ग्रामीण उत्पन्नाची चिंता केवळ सीमेवरच करायची, असा नियम नाही.

शिध्याचे धोरण बदलत नाही, हा समजही खरा नाही. १८८९ मध्ये सुरू झालेली लष्करी दुग्धशाळांची व्यवस्था २०२१ मध्ये बंद झाली आणि लष्कराने दुधासाठी बाहेरच्या पुरवठ्याचा रस्ता धरला. मार्च २०२३ मध्ये पन्नासहून अधिक वर्षांच्या खंडानंतर ज्वारी, बाजरी, नाचणी यांचे पीठ लष्कराच्या शिध्यात परत आले. ज्वारीला जागा मिळू शकते, तर ज्वारीच्या कडब्याशेजारी वाढणाऱ्या शेळीलाही मिळू शकते.

मागणी किती मोठी असू शकते, याचा ढोबळ हिशेब मांडता येईल. एक हजार मांसाहारी जवानांच्या केंद्रात आठवड्यातून दोनदा, माणशी १५० ग्रॅम मटण द्यायचे ठरवले, तर दर वेळी १५० किलो मांस, म्हणजे सुमारे ११ बोकड लागतील. वर्षाला ही संख्या ११०० च्या घरात जाते. पाच माद्या सांभाळणारे कुटुंब वर्षाला सात-आठ करडे वाढवून विकते, असे धरले, तर अशा एका केंद्राच्या मागणीवर सुमारे दीडशे कुटुंबांची नियमित विक्री चालू शकते. जिल्ह्याच्या एकूण शेळ्यांच्या तुलनेत हा आकडा लहान आहे. परंतु काट्यावर तोललेला, आधी जाहीर झालेला आणि वेळेवर चुकता होणारा एक भाव बाजारात उभा राहिला, तर आजूबाजूच्या व्यापाऱ्यांनाही त्याची दखल घ्यावी लागते. दुधाच्या बाबतीत सहकारी संघांनी एकेकाळी हेच केले.

अडचणी खऱ्या, उपायही हाताशी

स्थानिक खरेदीवर घेतले जाणारे आक्षेप पोकळ नाहीत. विखुरलेले शेळीपालक ठरल्या दिवशी ठरलेला माल देतील याची हमी काय? रोगी जनावर आले तर जबाबदार कोण? गावपातळीवर नवा दलाल तयार होणार नाही कशावरून? मेस एक दिवसही थांबू शकत नाही, हे लक्षात घेतले, तर अधिकारी परिचित कंत्राटदाराला का धरून राहतात, ते कळते.

तरीही लागणारी बरीचशी यंत्रणा याच भागात आहे. पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाचे प्रक्षेत्र नांदेड जिल्ह्यातच, मुखेड येथे आहे. उदगीर आणि परभणी येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. लसीकरण, तपासणी आणि कत्तलीपूर्व प्रमाणपत्राची जबाबदारी त्यांच्या मदतीने उभी करता येईल. नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात महिलांनी शेळीपालक उत्पादक कंपनी स्थापन करून दाखवली आहे. केंद्राच्या खरेदी धोरणात सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी २५ टक्के आणि त्यात महिलांच्या उद्योगांसाठी ३ टक्के वाटा आहे. मांस प्रक्रियेचा छोटा, परवानाधारक उद्योग महिलांच्या गटांनी नोंदवला, तर या वाट्यावर त्यांचा हक्क सांगता येतो.

सर्वांत आधी बदलायला हवे ते दराचे सूत्र. वर्षभराचा एकच आकडा न ठरवता, दोन-तीन ठरावीक बाजारांतील जिवंत वजनाच्या मासिक सरासरीशी कंत्राटाचा दर जोडावा आणि त्यावर कापणी-वाहतुकीची ठरावीक रक्कम द्यावी. स्पर्धा त्या रकमेपुरती होऊ द्यावी. त्यासाठी आधी बाजार समित्यांनी शेळ्यांच्या बाजारात वजनकाटा सक्तीचा करायला हवा. पुरवठा एकाच्या हाती न देता त्याचे लहान हिस्से पाडले, तर एक जण चुकला तरी मेस थांबणार नाही. आणि आलेल्या मालाचा दर, वजन व तपासणीचा दाखला मेसच्या फलकावर रोज लागला, तर ज्याच्या भत्त्यातून पैसे जातात त्या जवानाला तरी आपण काय खातो, हे कळेल.

यातील एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही. गृह मंत्रालय, राज्याचे पशुसंवर्धन खाते आणि दोन जिल्ह्यांचे प्रशासन यांनी मुदखेड, लातूर किंवा चाकूर यांपैकी एका केंद्रापुरता प्रयोग वर्षभर करून पाहिला, तरी खर्च वाढतो की घटतो, दर्जा सुधारतो की नाही, याचे उत्तर आकड्यांत मिळेल. तोपर्यंत कमीत कमी दराची निविदा मंजूर होत राहील आणि त्या दराचा उरलेला हिस्सा जवान व शेळीपालक हे दोघे आपापल्या परीने भरत राहतील.